पेपर छापून झाला आणि मग चूक सापडली: दुरुस्ती, रिट्रॅक्शन आणि विथड्रॉवल यांची वाट

२००६ च्या डिसेंबरात जेफ्री चँग या अमेरिकी संशोधकाच्या गटाने 'सायन्स'मधले आपले तीन पेपर एकदम मागे घेतले. त्याच कामावरचे इतर जर्नलांतले दोन पेपरही पाठोपाठ गेले. पेशीच्या पडद्यातून पदार्थ बाहेर फेकणाऱ्या प्रथिनांची रचना त्यांत मांडली होती, आणि जगभरचे लोक ती प्रमाण मानून पुढचे प्रयोग आखत होते. चूक होती आकडेमोडीच्या एका प्रोग्रॅममध्ये. तो बाजारातला नव्हता, दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडून हातोहात आलेला होता. त्यात माहितीच्या दोन रकान्यांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे सगळी रचनाच उलटी निघत होती. झुरिकच्या एका गटाने त्याच कुळातल्या प्रथिनाची रचना त्या वर्षी प्रसिद्ध केली, दोन्ही चित्रे जुळेनात, आणि मग शोध घेता घेता हे रकाने सापडले.

यात कोणी कोणाला फसवले नव्हते. तरीही पाच पेपर गेले आणि ते जायलाच हवे होते.

संशोधनात नव्याने आलेल्या मुलामुलींशी बोलताना मी हे उदाहरण आधी सांगते, कारण 'रिट्रॅक्ट झाला', म्हणजे मागे घेतला गेला, हे शब्द ऐकले की बहुतेकांच्या मनात एकच अर्थ उमटतो: लबाडी पकडली गेली. हा समज अगदी निराधार नाही. जीवशास्त्र आणि वैद्यकातल्या २,०४७ रिट्रॅक्ट झालेल्या पेपरांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ६७ टक्के पेपरांच्या मुळाशी गैरप्रकार होता, आणि साधी चूक सुमारे २१ टक्क्यांमध्ये. पण त्या २१ टक्क्यांमधली माणसे तुमच्या-माझ्यासारखीच असतात. त्यांनी स्वतः हात वर केला म्हणून नोंद सुधारली. हात वर कसा करायचा, हे मात्र फारसे कुठे शिकवले जात नाही. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

१. आधी शब्द ओळखून घ्या

पेपर प्रसिद्ध झाल्यावर त्याच्यावर लागू शकणारी लेबले चार-पाचच आहेत, पण ती एकमेकांत मिसळली की पुढचे सगळे चुकते.

पहिले शुद्धिपत्र. तक्त्यातला एक आकडा चुकला, लेखकाचे नाव राहिले, आलेखावरचे एकक चुकीचे पडले, असे काही असेल आणि निष्कर्ष तसाच टिकत असेल तर शुद्धिपत्र छापतात. जुन्या पद्धतीत याची दोन नावे होती. चूक प्रकाशकाकडून झाली तर इरॅटम, लेखकाकडून झाली तर कॉरिजेंडम. काही प्रकाशक हा भेद अजून पाळतात. बऱ्याच जर्नलांनी तो सोडून दोन्हींना सरळ 'करेक्शन' म्हणायला सुरुवात केली आहे. लेखकाने कायदेशीरपणे किंवा व्यक्तिगत कारणाने नाव बदलले असेल, तर आता अनेक मोठे प्रकाशक वेगळे शुद्धिपत्र न छापता गाजावाजा न करता नाव बदलून देतात. ही सोय चांगली आहे, गरज असेल तर निःसंकोच मागा.

दुसरे, एक्सप्रेशन ऑफ कन्सर्न. ही संपादकांनी लावलेली धोक्याची पाटी. शंका गंभीर आहे, चौकशी चालू आहे किंवा तिचा निकाल लागत नाही, तोवर वाचकांनी जपून चालावे एवढाच तिचा अर्थ. पुढे ही पाटी काढली जाऊ शकते, किंवा तिच्या जागी रिट्रॅक्शन येऊ शकते.

तिसरे रिट्रॅक्शन. या पेपरातल्या निष्कर्षांवर विसंबू नका, असे जर्नलने जाहीर करणे म्हणजे रिट्रॅक्शन. नवख्यांना चकित करणारी गोष्ट अशी, की रिट्रॅक्ट झालेला पेपर नाहीसा होत नाही. तो त्याच पत्त्यावर, त्याच डीओआयवर (पेपराच्या कायमच्या ओळखक्रमांकावर) राहतो. शीर्षकाच्या आधी 'रिट्रॅक्टेड' हा शब्द येतो, पीडीएफच्या पानापानावर तीच मोहोर उमटते, आणि शेजारी नोटिशीचा दुवा असतो. असे का? कारण इतर लोकांनी तो पेपर आधीच उद्धृत केलेला असतो. तो पुसून टाकला तर त्यांच्या लेखनातला दुवा तुटतो, आणि नेमके काय चुकले होते हे तपासायची सोयही जाते.

चौथ्या शब्दाने, म्हणजे विथड्रॉवलने, सर्वांत जास्त गोंधळ होतो. काही जण तो रिट्रॅक्शनच्याच अर्थाने वापरतात. बहुतेक संपादकांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ असतो, अंतिम स्वरूपात प्रसिद्ध होण्याआधी पेपर परत घेणे. समीक्षा चालू असताना लेखक पेपर परत घेतात तेही विथड्रॉवल. एल्सेव्हिअरसारखे प्रकाशक स्वीकारलेला पेपर अंक ठरण्याआधीच संकेतस्थळावर ठेवतात, त्या टप्प्यात तो काढून घेणे हेही विथड्रॉवल. प्रीप्रिंटचा, म्हणजे समीक्षेआधीच खुल्या केलेल्या मसुद्याचा, नियम आणखी वेगळा. अर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर पेपर 'विथड्रॉ' केला तरी आधीच्या आवृत्त्या वाचता येतात, फक्त वर मागे घेतल्याची नोंद येते. तिथे एकदा चढवलेले पुसले जात नाही, हे चढवण्याआधीच ध्यानात ठेवा.

मजकूर खरोखर उतरवणे, म्हणजे रिमूव्हल, फार क्वचित होते. न्यायालयाचा आदेश, रुग्णाची ओळख उघड होणे, बदनामीकारक मजकूर, किंवा तो वाचून कोणी तसे वागले तर जिवावर बेतेल अशी स्थिती, अशाच कारणांनी. तेव्हाही शीर्षक, लेखकांची नावे आणि उतरवल्याची नोंद मागे राहते.

आणि एक मधली वाट, मला मनापासून आवडणारी: मागे घेऊन सुधारित पेपर पुन्हा छापणे. भूमध्यसागरी आहार आणि हृदयविकार यांवरची प्रेडिमेड ही ७,४४७ जणांची चाचणी २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली होती. कोणाला कोणता आहार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगाने ठरायला हवे होते. काही ठिकाणी तसे झालेच नव्हते. एकाच घरातल्या माणसांना तोच आहार मिळाला होता, एका ठिकाणी तर आख्ख्या दवाखान्याला. २०१८ च्या जूनमध्ये लेखकांनी पेपर मागे घेतला, सगळे विश्लेषण नव्याने केले, आणि त्याच जर्नलने सुधारित पेपर छापला. त्यात कार्यकारणाची भाषा आधीपेक्षा सौम्य आहे.

२. पेपर वाचण्याआधी त्याची आजची स्थिती पाहा

माझ्या पहिल्या आढावालेखात एक रिट्रॅक्ट झालेला पेपर तीन ठिकाणी उद्धृत केलेला होता. पीडीएफ मी बऱ्याच आधी उतरवून ठेवली होती. नंतर जर्नलने पेपर मागे घेतला, माझ्या फोल्डरमधल्या फाइलला ते कळायचा काही मार्ग नव्हता. समीक्षकाने दाखवून दिले तेव्हा मला एक अख्खा परिच्छेद काढावा लागला. तेव्हापासून मी पुढच्या गोष्टी न चुकता करते.

पेपर नेहमी प्रकाशकाच्या पानावर जाऊन उघडायचा. डीओआय टाकला की तुम्ही थेट तिथेच पोचता. विद्यापीठांच्या संग्रहांत, लेखकांच्या वैयक्तिक पानांवर किंवा मित्राने पाठवलेल्या फाइलीत जुनीच प्रत असते आणि तिच्यावर मोहोर नसते. प्रकाशकाच्या पानावर आणि बऱ्याच पीडीएफवर क्रॉसमार्कचे बटण असते. ते दाबले की पेपरावर पुढे काही दुरुस्ती किंवा रिट्रॅक्शन आले आहे का ते कळते. वैद्यक किंवा जीवशास्त्रातला पेपर असेल तर पबमेड या पेपरांच्या मोफत सूचीवर पाहा, तिथे मागे घेतलेल्या पेपराच्या माथ्यावरच ठळक सूचना असते.

दुसरा आधार म्हणजे रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस. आयव्हन ओरान्स्की आणि अ‍ॅडम मार्कस या दोन पत्रकारांनी २०१० साली मागे घेतलेल्या पेपरांच्या नोंदी लिहायला सुरुवात केली, त्यातून हा डेटाबेस उभा राहिला. २०२३ साली डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने तो घेतला आणि सर्वांसाठी खुला केला. झोटेरो हे संदर्भयादी सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते २०१९ पासून या नोंदींशी तुमची यादी पडताळते, आणि मागे घेतलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर लाल पट्टी दाखवते. झोटेरो वापरायला लागण्यासाठी मला एवढे एकच कारण पुरले.

तपासणी तीनदा करा: पेपर पहिल्यांदा वाचताना, स्वतःचा पेपर जर्नलकडे पाठवताना, आणि शेवटचे प्रूफ हातात येते तेव्हा. पाठवण्यापासून प्रूफपर्यंत कित्येक महिने जातात. त्या काळात बरेच काही घडते.

३. नोटीस वाचायला शिका

पेपर मागे घेतला, एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही. खरी माहिती नोटिशीत असते, आणि ती सगळ्यांना मोफत वाचता यायला हवी, असे कोपचे मार्गदर्शन सांगते. कोप ही प्रकाशन-नीतीवर काम करणारी समिती, १९९७ साली ब्रिटनमध्ये संपादकांनी सुरू केलेली. रिट्रॅक्शन कधी आणि कसे करावे याचे तिचे पहिले मार्गदर्शन २००९ साली आले, पुढे ते सुधारत गेले. जगातली बहुतेक मोठी जर्नले तेच धरून चालतात.

नोटीस वाचताना तीन गोष्टी शोधा. कोण मागे घेते आहे: लेखक, संपादक की प्रकाशक? कारण काय दिले आहे? आणि सगळे लेखक सहमत आहेत का? लेखकांनी स्वतः मागितलेले रिट्रॅक्शन आणि लेखकांच्या विरोधाला न जुमानता संपादकांनी केलेले रिट्रॅक्शन यांत फार फरक आहे. दुसऱ्या प्रकारातही लबाडीच असते असे नाही. फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगणारा जिवाणू सापडल्याचा पेपर 'सायन्स'ने २०१० साली प्रसिद्ध केला. त्यावर वर्षानुवर्षे आक्षेप आले. २०२५ च्या जुलैमध्ये जर्नलने तो मागे घेतला. गैरप्रकाराचा आरोप नाही, पण मुख्य निष्कर्षाला प्रयोगांचा आधार नाही, असे संपादकांचे म्हणणे. लेखकांना ते मान्य नव्हते. यात कोणाची बाजू घ्यायची हे दोन्ही बाजूंचा युक्तिवाद वाचून तुम्हीच ठरवा. 'रिट्रॅक्टेड' या एका शब्दावरून ते ठरणार नाही.

काही नोटिसा एका ओळीत संपतात: 'लेखकांच्या विनंतीवरून हा पेपर मागे घेण्यात येत आहे.' अशी नोटीस वाचकाच्या काहीच कामाची नाही, आणि ती छापणाऱ्या संपादकांवर माझा रागच आहे. प्रामाणिक चूक करणाऱ्यावरही तिच्यामुळे संशयाचे सावट राहते, आणि खोटेपणा करणारा तिच्याआड सुखाने लपतो.

४. स्वतःच्या पेपरात चूक सापडली तर

संध्याकाळी नवे विश्लेषण चालवताना लक्षात येते की मागच्या पेपरातला आकडा निघतच नाही. पोटात गोळा येतो. इथून पुढची वाट मी जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी काहीही बदलू नका. मूळ नोंदी, मूळ फाइली आणि तेव्हा वापरलेला कोड यांची एक प्रत वेगळी काढून तारखेसह ठेवा. घाईघाईने फाइल 'नीट' केली तर चूक कशी झाली याचा मागच पुसला जातो, आणि पुढे तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावाही राहत नाही.

मग दुसऱ्या कोणाकडून तरी तीच आकडेमोड नव्याने करून घ्या. तुमचा कोड त्यांना देऊ नका, फक्त मूळ माहिती द्या. चूक खरीच आहे की आताच्या विश्लेषणात काही गफलत झाली आहे, हे अशानेच ठरते. दोन-तीन दिवस गेले तरी चालतील, पण हे काम महिन्यांवर नेऊ नका.

चूक पक्की झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारा: बरोबर आकडा घातला तर पेपरातले मुख्य वाक्य तसेच उभे राहते का? राहत असेल तर शुद्धिपत्र. राहत नसेल तर रिट्रॅक्शन. बाकी सगळे बरोबर असून एखाद-दुसराच भाग कोसळत असेल, किंवा चूक पसरलेली असली तरी नव्या विश्लेषणातून अर्थपूर्ण काही उरत असेल, तर संपादकांना मागे घेऊन पुन्हा छापण्याविषयी विचारता येते.

यानंतर मार्गदर्शक आणि सगळे सहलेखक. नवख्याला सगळ्यात जड जाते ती ही पायरी. तोंडी सांगा, पण त्याच दिवशी मेलही करा. त्यात काय सापडले, कसे सापडले आणि कोणकोणते आकडे बदलतात एवढेच लिहा. कोणामुळे झाले हे त्या मेलमध्ये नको. बहुतेक मार्गदर्शक पहिल्या दिवशी हबकतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. पण 'असू दे, कोण बघतंय' असे उत्तर आले, तर तुमच्या संस्थेत संशोधन-नीतीचे काम पाहणारी व्यक्ती किंवा समिती असते, तिच्याकडे जा. पेपरावर तुमचे नाव आहे, म्हणजे संपादकांना लिहायचा हक्क तुम्हालाही आहे.

संपादकांना लिहायचे पत्र छोटे आणि कोरडे असावे. त्याचा मजकूर साधारण असा:

'आपल्या जर्नलात प्रसिद्ध झालेल्या आमच्या पेपरात (शीर्षक, डीओआय) आम्हाला एक चूक आढळली आहे. दुसऱ्या तक्त्यासाठी वापरलेल्या फाइलीत दोन गटांची नावे उलट पडली होती. मूळ माहितीवरून आम्ही विश्लेषण पुन्हा केले. सुधारित तक्ता, मूळ माहिती आणि कोड सोबत जोडला आहे. यामुळे पेपराचा पहिला निष्कर्ष टिकतो, दुसरा टिकत नाही. योग्य ती कार्यवाही कोणती, याविषयी आपले मार्गदर्शन हवे आहे. हे पत्र सर्व लेखकांनी वाचले असून त्यांची संमती आहे.'

कारणांची लांबण नको, क्षमायाचनेचे परिच्छेदही नकोत. संपादकांना हवे असते ते हेच: काय चुकले, किती चुकले, पुरावा कुठे आहे, सगळे सहमत आहेत का. एखादा सहलेखक सहमत नसेल किंवा उत्तरच देत नसेल, तर तेही स्पष्ट लिहा. नोटिशीत तशी नोंद करता येते, त्यासाठी काम अडून बसत नाही.

रिट्रॅक्शनच करावे लागणार असेल तर नोटिशीचा मसुदा तुम्हीच लिहून द्या. 'आमच्या प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे' एवढे तीन शब्द नोटिशीत असणे किंवा नसणे, यावर पुढची कित्येक वर्षे लोक तुमच्याकडे कसे बघतात ते ठरते. संपादक मसुदा बदलतील, पण आधार तुमचाच राहील.

२०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल विजेत्या फ्रान्सेस अर्नोल्ड यांनी २०१९ साली 'सायन्स'मध्ये छापलेला एक पेपर २०२० च्या जानेवारीत मागे घेतला. प्रयोग पुन्हा करून पाहिला तर तसाच निघेना, आणि प्रयोगवहीत काही महत्त्वाच्या नोंदी आणि मूळ माहिती नव्हती. त्यांनी ते स्वतः जाहीरपणे सांगितले आणि माफी मागितली. त्यांचे नाव यामुळे खाली आले नाही. मी ज्या ज्या संशोधकांशी यावर बोलले, त्यांच्या मनात त्यांच्याविषयीचा आदर वाढलेलाच दिसला. मान्य, नोबेल मिळालेल्या व्यक्तीला हे सोपे जाते आणि पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीला जड. तरी दिशा तीच आहे. आणि चूक तुम्ही सांगण्याऐवजी दुसऱ्या कोणी शोधून काढली, तर ती चूक होती की लबाडी हे ठरवण्याचे काम तुमच्या हातात राहत नाही.

५. छापण्याआधीच पेपर परत घ्यायचा असेल तर

समीक्षा चालू असताना मोठी चूक दिसली, सहलेखकांत मतभेद झाले, किंवा जर्नल वर्षभर उत्तरच देत नाही. पेपर परत घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. संपादकांना सगळ्या लेखकांच्या संमतीसह एक छोटे पत्र लिहा, कारण सांगा, आणि त्यांची लेखी पोच येईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही जर्नलकडे तो पेपर पाठवू नका. ही वाट न बघण्याची चूक फार जण करतात. एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलांत असणे हा स्वतंत्र दोष आहे, आणि त्यापायी पुढे छापलेला पेपरही जाऊ शकतो.

केवळ चांगल्या जर्नलकडून होकार आला म्हणून पहिल्याकडून समीक्षेनंतर परत घेणे, हे कोणत्याही संपादकाला आवडत नाही. समीक्षकांनी आपला वेळ फुकट दिलेला असतो.

काही बनावट जर्नले 'पेपर परत हवा असेल तर पैसे भरा' म्हणून अडवून धरतात. तिथे पैसे देऊ नका. परत घेत असल्याचे पत्र तारखेसह पाठवा, कॉपीराइटच्या कागदावर सही केलेली नसेल तर तसे त्यात स्पष्ट लिहा, आणि सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा. पुढच्या जर्नलच्या संपादकांना आधीच ही हकिगत कळवली की ते बहुधा समजून घेतात.

६. दुसऱ्याच्या पेपरात खोट दिसली तर

एकच चित्र दोन प्रयोगांखाली दिसते, टक्केवारी दिलेल्या माणसांच्या संख्येतून निघूच शकत नाही, परिच्छेदच्या परिच्छेद ओळखीचे वाटतात. हे दिसते त्याहून जास्त आहे. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०,६२१ पेपरांमधली चित्रे डोळ्यांनी तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: ३.८ टक्के पेपरांत चित्रांची संशयास्पद पुनरावृत्ती होती.

लिहिताना हेतूविषयी बोलू नका. 'लेखकांनी फसवणूक केली आहे' हे तुम्हाला माहीत नसते. 'आकृती २ मधला तिसरा पट्टा आणि आकृती ५ मधला पहिला पट्टा सारखे दिसतात, सोबत दोन्ही शेजारी ठेवून दाखवले आहेत' हे तुम्ही दाखवू शकता. आधी पत्रव्यवहारासाठी नाव दिलेल्या लेखकाला साधा प्रश्न विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर सरळ मिळते. लेखक तुमच्याहून फार ज्येष्ठ असतील किंवा तुमचे भवितव्य त्यांच्या हातात असेल, तर ही पायरी गाळून थेट संपादकांना लिहिलेले बरे. नाव न देता लिहिलेल्या तक्रारीतही नेमका पुरावा असेल तर ती तपासावी, असेच कोपचे संपादकांना सांगणे आहे. पबपीअर या संकेतस्थळावर निनावी टिप्पणी करता येते, तिथेही नियम तोच: जे दिसते ते दाखवा, त्यापुढे जाऊ नका.

लेखकांच्या नावांच्या क्रमावरून भांडण असेल तर रिट्रॅक्शन मागू नका. निष्कर्ष बरोबर असताना श्रेयाच्या वादासाठी पेपर मागे घेत नाहीत. त्यावर फार तर शुद्धिपत्र निघते, तेही संस्थेने निर्णय दिल्यावर.

७. संपादकांच्या टेबलावर काय चालते

तक्रार पोचल्यावर संपादक आधी ती नेमकी आहे का बघतात, मग लेखकांना प्रश्न पाठवतात आणि मूळ माहिती मागतात. उत्तर पटले तर विषय शुद्धिपत्रावर मिटतो. पटले नाही, किंवा उत्तरच आले नाही, तर लेखक जिथे काम करतात त्या संस्थेला कळवले जाते. जर्नलला कोणाच्या प्रयोगशाळेत शिरून वह्या जप्त करता येत नाहीत, चौकशीचा अधिकार संस्थेचा. इथेच वर्षे जातात. संस्थेला स्वतःचे नाव सांभाळायचे असते, वकील मध्ये येतात, विद्यार्थी सोडून गेलेले असतात, फाइली सापडत नाहीत.

वेळेच्या बाबतीत दोन टोके एकाच जर्नलची आहेत. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा, लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा पेपर 'लॅन्सेट'ने १९९८ च्या फेब्रुवारीत छापला. २००४ साली १३ पैकी १० लेखकांनी त्यातल्या अर्थनिष्पत्तीपुरती आपली सही काढून घेतली. पूर्ण रिट्रॅक्शन २०१० च्या फेब्रुवारीत आले, ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने निर्णय दिल्यावर. बारा वर्षे. त्या बारा वर्षांत किती मुलांना गोवराची लस मिळाली नाही, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. दुसरे टोक २०२० चे. सर्जिस्फिअर या कंपनीच्या माहितीवर उभा असलेला, कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरचा पेपर २२ मे रोजी आला, त्यात ९६,०३२ रुग्णांची माहिती असल्याचा दावा होता. कंपनीने ती माहिती स्वतंत्र तपासनिसांना दाखवायला नकार दिला. चारपैकी तीन लेखकांनी ४ जून रोजी पेपर मागे घेतला. तेरा दिवस. फरक पडला तो मुख्यतः एका गोष्टीने: दुसऱ्या वेळी जगभरच्या शेकडो तज्ज्ञांची नजर त्या आकड्यांवर होती आणि सहलेखकांनी बाजू बदलली.

अलीकडे घाऊक रिट्रॅक्शनही होतात. २०२३ या एका वर्षात १०,००० हून अधिक पेपर मागे घेतले गेले. त्यांतले ८,००० हून अधिक हिंदावी या एकाच प्रकाशकाचे होते. पैसे घेऊन पेपर बनवून देणाऱ्या टोळ्या विशेषांकांच्या वाटेने आत शिरल्या होत्या. म्हणून 'विशेषांकासाठी लिहा' असे आमंत्रण आले की पाहुणे संपादक कोण आहेत हे एकदा नीट बघून घ्या.

निर्णय झाला की उरते ते काम यांत्रिक असते. नोटिशीला स्वतःचा डीओआय मिळतो, पेपर आणि नोटीस एकमेकांना जोडले जातात, शीर्षक बदलते, मोहोर उमटते, आणि ही माहिती क्रॉसरेफ आणि पबमेडकडे जाते. मधली एखादी कडी निसटली की प्रकाशकाच्या पानावर रिट्रॅक्ट दिसणारा पेपर डेटाबेसमध्ये मात्र ठणठणीत दिसतो. ही माहिती सगळीकडे एकसारखी कशी पोचवावी, याचे शिफारसपत्र निसो या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२४ साली काढले आहे. तुमच्या स्वतःच्या पेपरावर नोटीस निघाली असेल तर काही आठवड्यांनी दोन्हीकडे डोकावून बघा. नोंद पोचलेली नसेल तर प्रकाशकाला कळवा.

८. तुमच्या संदर्भयादीतलाच पेपर रिट्रॅक्ट झाला तर

तुमचा पेपर अजून छापायचा असेल तर सोपे आहे: तो संदर्भ काढा, आणि त्यावर टेकलेले वाक्य दुसऱ्या आधारावर उभे राहते का ते बघा. नसेल राहत, तर वाक्यही काढा. त्या रिट्रॅक्शनविषयीच लिहायचे असेल तर पेपर उद्धृत करता येतो, पण संदर्भात 'रिट्रॅक्टेड' हा शब्द आणि नोटिशीचा डीओआय दोन्ही द्या.

तुमचा पेपर आधीच छापलेला असेल, तर तो संदर्भ किती भार उचलतो ते तपासा. प्रस्तावनेत ओझरता उल्लेख असेल तर सहसा काही करावे लागत नाही. पण त्या पेपरातली संख्या तुमच्या गणितात गेली असेल, किंवा तुमच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, तो अभ्यास धरलेला असेल, तर तो वगळून सगळे पुन्हा चालवा. उत्तर बदलले नाही तर तसे दोन ओळींत संपादकांना कळवा, ते वाचकांसाठी टिप्पणी छापू शकतात. उत्तर बदलले, तर चौथ्या भागातल्या पहिल्या पायरीवर या: फाइलींची प्रत काढून तारीख घाला, आणि उद्या सकाळी सहलेखकांना मेल करा.